अडीच मिलिमीटरचं भांडण

टेक्सासात स्थायिक झालेल्या मराठी माणसाच्या आयुष्यात एक टप्पा येतो. घराचा हप्ता अंगवळणी पडलेला असतो, मुलं स्पेलिंगच्या स्पर्धांतून बाद होऊन मोकळी झालेली असतात, कुंडीतल्या कढीपत्त्याने दोन हिवाळे तग धरलेला असतो आणि नागरिकत्वाची शपथही उरकलेली असते. आता पुढे काय, असा प्रश्न पडतो. काही जण मॅरेथॉन धावतात, काही ढोलपथक काढतात. डॅलसच्या उत्तरेला प्लेनोमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसभावाने पिस्तूल घ्यायचं काढलं.

काढलं म्हणजे नुसता विषय काढला. घेणं फार पुढची गोष्ट. निमित्त झालं ते गल्लीत दोन गाड्यांच्या काचा फुटल्याचं. "काचा गाड्यांच्या फुटल्यात, तू झोपतोस घरात," असं वहिनी म्हणाली. पण तोवर भावाने लॅपटॉपवर एक्सेलची शीट उघडली होती. रकाने असे: नाव, कॅलिबर, रिकाम्याचं वजन, भरलेल्याचं वजन, मॅगझिनमध्ये मावणाऱ्या गोळ्या, किंमत, आणि शेवटचा रकाना, परत विकताना किती येतील. ज्या वस्तूने आपला जीव वाचायचा तिची रीसेल व्हॅल्यू आधी बघून ठेवणाऱ्या माणसाच्या घरी चोराने जाऊच नये. तिथे त्याला काही मिळणार नाही.

मी त्या घरी पाहुणा होतो आणि पाहुण्याच्या व्हिसावर होतो. अशा माणसाने अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे या संपूर्ण प्रकरणात मी दोन्ही हात पाठीमागे बांधून, संग्रहालयात फिरवलेल्या शाळकरी पोरासारखा हिंडलो. नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर आलेल्यांनाही तीच बंदी. मात्र त्यांच्यासाठी, म्हणजे खरं तर माझ्यासाठीही, कायद्यात एक खिडकी आहे: कुठल्याही राज्याचा शिकारीचा परवाना खिशात असला की बंदी उठते. भावाच्या कंपनीतल्या एका तरुण मुलाने तो काढलेला आहे. मुलगा साताऱ्याचा, माळकरी घरातला, श्रावणात कांदासुद्धा खात नाही. टेक्सास सरकारच्या दफ्तरी तो शिकारी आहे.

आता कॅलिबर. न जाणणाऱ्यांसाठी सांगायचं तर कॅलिबर म्हणजे नळीचं, पर्यायाने गोळीच्या जाडीचं माप. आपण ज्याला बोर म्हणतो, ते. दिसायला हा साधा आकडा. पण अमेरिकेत चार माणसांत बसून तुम्ही ट्रम्प चांगला की वाईट हे एकवेळ बोलू शकता, नऊ एमएम चांगली की पॉइंट फॉर्टीफाइव्ह हे बोलू नये. आमच्या भावाने मराठी मंडळाच्या रविवारच्या पॉटलकमध्ये नेमकं तेच विचारलं आणि भरल्या वांग्याची चव गेली.

मंडळात एक काका आहेत. तेलकंपनीत जन्म घालवून निवृत्त झालेले, अंगाने भरदार, पायात खरेखुरे काउबॉय बूट. त्यांना मी इथे पंचेचाळीसकाका म्हणेन, कारण त्यांच्या सगळ्या वाक्यांचा शेवट तिथेच होतो. त्यांचं म्हणणं, नऊची गोळी माणसाला टोचते, पंचेचाळीसची आडवा करते. या मताला इतिहास आहे आणि काका तो हात धुतल्याशिवाय सांगतात. फिलिपिन्समध्ये मोरो लढवय्यांशी झुंजताना अमेरिकन सैनिकांच्या .३८ च्या गोळ्या खाऊनही समोरचा माणूस तलवार घेऊन चालतच यायचा, अशा तक्रारी आल्या. मग १९०४ साली थॉम्पसन आणि लागार्ड या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यांत जाऊन गुराढोरांवर आणि इतरत्र माणसांच्या प्रेतांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून पाहिल्या आणि अहवाल दिला की .४५ पेक्षा बारीक काही नको. जॉन ब्राउनिंगने त्या मापाचं पिस्तूल घडवलं, ते १९११ मध्ये लष्कराने स्वीकारलं आणि १९८५ पर्यंत नेटाने वापरलं. ब्राउनिंग म्हणजे आपल्याला नाशिकच्या जॅक्सनवधामुळे ठाऊक असलेला तोच. १९०९ च्या डिसेंबरात विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांच्या हातात होतं ते पिस्तूल त्याच्याच बनावटीचं.

"गुरांवर झाडून बघितलंय," काका म्हणाले. "गुरांवर!" हा पुरावा त्यांच्या दृष्टीने निर्णायक होता. प्लेनोत रात्री घरात बैल शिरण्याची शक्यता किती, हे कुणी विचारलं नाही.

विरुद्ध बाजूला एक डॉक्टर होते. भूल देणारे डॉक्टर, त्यामुळे आवाज शांत आणि समोरच्याला हळूहळू गुंगी आणणारा. त्यांनी एफबीआयची कथा लावली. १९८६ साली मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच नऊ एमएमची गोळी नेमकी लागली होती, पण ती हृदयाच्या अलीकडे थांबली आणि तो लढत राहिला. खापर गोळीवर फुटलं. एफबीआयने मग दहा एमएम घेतली. ती इतकी उसळायची की चालवणाऱ्यांचेच हाल; म्हणून तिची दारू कमी केली. दारू कमी केल्यावर काडतुसात नुसतीच मोकळी जागा राहिली, म्हणून काडतूसच तोकडं केलं आणि १९९० मध्ये .४० जन्माला आली. देशभरातल्या पोलिसांनी ती घेतली. आणि पंचवीसेक वर्षं दारू कमी-जास्त करून झाल्यावर एफबीआय २०१४-१५ च्या सुमाराला परत कुठे आली? नऊवर. दरम्यान गोळ्या सुधारल्या होत्या. जेलीच्या ठोकळ्यात बारा ते अठरा इंच शिरली पाहिजे, ही त्यांची कसोटी नऊची नवी गोळी आरामात पार करत होती, आणि नऊने लोकांचा नेम चांगला लागत होता.

हा सगळा पैसा करदात्यांचा, अशी पुस्ती डॉक्टरांनी जोडली. मंडळातल्या चर्चेत करदात्याचा उल्लेख झाला की तो पक्ष जिंकतो.

या भांडणाचा निकाल लावला तो वहिनीच्या वडिलांनी. अप्पा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले, १८६९ सालचा कारखाना, आणि ग्रीन कार्डावर लेकीकडे आलेले आहेत. म्हणजे काडतूस हातात धरायला मोकळे. ते जेवण होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग जावयाच्या गॅरेजमधून व्हर्नियर कॅलिपर घेऊन आले, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, आणि काकांनी व डॉक्टरांनी आपापल्या संग्रहातून आणलेली काडतुसं त्यावर ओळीने उभी केली. चष्मा कपाळावर, एक डोळा बारीक, ओठ मुडपलेले. त्यांनी गोळीचा पितळी कवचाबाहेर डोकावणारा भाग एकेक करून जबड्यात धरला.

"ही काय म्हणालात? थर्टीएट? .३५७ भरतेय. आणि ही थ्री-एटी? .३५५. आणि ही तुमची नऊ?" पुन्हा कॅलिपर लागला. "तीपण .३५५."

टेबलावर शांतता. म्हणजे तीन वेगळ्या नावांची, तीन वेगळ्या पेट्यांत मिळणारी, तीन वेगळे पंथ असलेली गोळी जाडीने जवळपास एकच. लांबी आणि दारू वेगळी, जाडी जवळपास तीच. .३८ हे माप मुळात जुन्या काळातल्या कवचाचं. तेव्हा गोळी कवचाइतकीच जाड असायची. पुढे ती कवचाच्या आत बसवायला लागले, बारीक झाली, आणि नाव बदलायचं राहून गेलं. "खडकीत आम्ही असा आकडा डब्यावर छापला असता तर मेमो मिळाला असता," अप्पा म्हणाले. काडतुसाच्या बुडाशी 'केएफ' ही कारखान्याची खूण उमटवण्यात त्यांचा जन्म गेला; आकडा चुकलेला त्यांना सोसत नाही.

शेवटी त्यांनी काकांची पंचेचाळीस लावली. .४५१. मग मोबाइलवर वजाबाकी करून मिलिमीटरमध्ये सांगितलं, "तुम्हा दोघांत अडीच मिलिमीटरसुद्धा नाहीत." आणि कॅलिपर पुसून डबीत ठेवला. शंभर वर्षांहून अधिक काळ एक अख्खं राष्ट्र ज्यावर भांडतंय तो फरक ज्वारीच्या दाण्याहून बारीक निघाल्यावर काकांनी श्रीखंडाची वाटी पुढे ओढली आणि एवढंच म्हणाले, "पण फरक आहे ना?"

भारतात ही भानगड नाही. नऊ एमएम, .३८०, .४५५ ही लष्करी-पोलिसी मापं सामान्यांना निषिद्ध. आत्मरक्षणासाठी परवाना मिळालाच तर बहुतेकांच्या नशिबी येतं ते बत्तीस बोर. म्हणजे कॅलिबर १९५९ च्या शस्त्र कायद्याने ठरवलेलं, परवाना द्यायचा की नाही हे जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांनी ठरवायचं, किंमत कानपूरच्या सरकारी कारखान्याने. आपण ठरवायचं ते फक्त कपाट. बायकांसाठी म्हणून २०१४ साली कानपूरहून 'निर्भीक' नावाचं हलकं बत्तीस बोर रिव्हॉल्व्हर निघालं, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचं आणि सव्वा लाखाच्या आसपास किमतीचं. रात्रीच्या लोकलने एकटी जाणाऱ्या बाईकडे सव्वा लाख असते तर ती लोकलने कशाला गेली असती, हा हिशेब कुणी केला नसावा. शिवाय निवडणुका लागल्या की परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. आचारसंहिता संपेपर्यंत चोरांनीही सबुरीने घ्यावं अशी अपेक्षा असते.

टेक्सासात निवड तुमची. २०२१ पासून तिथे एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला पिस्तूल बाळगून हिंडायला परवानासुद्धा लागत नाही. दुकानात काचेखाली इतकी पिस्तुलं मांडलेली असतात की घरून ठरवून आलेला माणूस दारातच विसरतो. भावाने एक्सेलची प्रिंट आणली होती. काउंटरमागच्या दाढीवाल्याने ती बघितलीच नाही. त्याने वहिनीला म्हटलं, "मॅम, हात दाखवा."

वहिनी आली होती ती नवऱ्याला फार महागडं घेऊ न देण्यासाठी. पण घरात शस्त्र येणार तर ते दोघांनाही चालवता आलं पाहिजे, हा दाढीवाल्याचा आग्रह होता, आणि मला तो पटला. त्याने तिचा पंजा एका नजरेत तोलला, पैठणच्या यात्रेतला कासार मनगट बघून बांगडीचं माप सांगतो त्या आत्मविश्वासाने. मग वाकून खालच्या कप्प्यातलं पिस्तूल काढलं, मॅगझिन बाहेर, वरची सरकती स्लाइड मागे, नळीत बोट घालून रिकामं असल्याचं आधी स्वतः पाहिलं, मग तिला दाखवलं, आणि मग हातात दिलं. अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं मुठीच्या अगदी वरच्या टोकाला टेकलं पाहिजे आणि तसं धरून तर्जनीचं पहिलं पेर चापावर नीट पोचलं पाहिजे. इतकंच बघायचं. कॅलिबर नंतर.

शेजारच्या कप्प्यात बायकांसाठी म्हणून गुलाबी मुठीची छोटी रिव्हॉल्व्हरं होती. भावाला ती फार गोड वाटली. दाढीवाल्याने मान हलवली. पाच गोळ्यांचं, जेमतेम चारशे ग्रॅमचं ते खेळणं पर्समध्ये छान मावतं. पण वस्तू जितकी हलकी तितका धक्का हाताला जास्त, कारण तो खायला पिस्तुलाकडे वजनच नसतं. त्यात चाप इतका जड की दाबता दाबता नेम हलतो. हे पिस्तूल मुरलेल्या नेमबाजाचं काम आहे, आणि देशभरचे नवरे ते नवशिक्या बायकोला वाढदिवसाला देतात. बायको एकदा झाडते, मनगट चोळत कपाटात ठेवते, आणि ते पुढे तिथेच राहतं. गुलाबी रंगाने धक्का कमी होत नाही.

स्लाइड मागे ओढणं हा दुसरा अडसर. वहिनीने ती चिमटीत धरून ओढली, हलली नाही. भावाने मदतीला हात पुढे केला, तो दाढीवाल्याने नम्रपणे बाजूला केला. त्याने शिकवलं ते असं: स्लाइड वरून पूर्ण पंजाने धर, छातीजवळ घे, आणि ओढण्यापेक्षा उजव्या हाताने मूठ पुढे ढकल. खटकन् उघडली. नंतर तिने ती इतक्या वेळा उघडझाप केली की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. ज्यांच्या बोटांत संधिवात आहे त्यांच्यासाठी हलक्या स्लाइडची खास पिस्तुलंही निघालीत. बरोबर आलेल्या अप्पांनी एक हाताळून बघितलं आणि काडतुसाच्या बुडावरचे शिक्के वाचत बसले.

मग दाढीवाल्याने भावाला खर्चाचं सांगितलं, आणि इथे एक्सेलमध्ये नसलेला रकाना उघडला. पिस्तूल एकदाच घ्यायचं असतं, गोळ्या जन्मभर. सरावाच्या नऊ एमएमची पन्नासाची पेटी पंधरा डॉलरच्या आसपास, पंचेचाळीसची पंचवीसच्या घरात. .३८० नऊपेक्षा आखूड, दारू कमी, तरी महाग, कारण ती खपते कमी. आणि .२२? पाचेक डॉलरला पन्नास. महिन्याला दोन पेट्या सराव करायचा तर पंचेचाळीसवाल्याचं वर्षाकाठी एक भारताचं तिकीट उडतं, अगदी तसं नाही, पण भावाच्या चेहऱ्यावर तसं दिसलं. कॅलिबरचा प्रश्न त्याच्या मनात तिथेच मिटला. शिकागोची गुरं आणि मायामीची चकमक एका पारड्यात, आणि दहा डॉलर दुसऱ्यात.

.२२ वर काका हसतात. पोरांची गोळी म्हणतात. आत्मरक्षणाला ती दुबळी आहे हे खरंच, शिवाय तिच्या बुडातली ठिणगी कधीकधी दगा देते. पण हात बसवायला तिच्यासारखी गोळी नाही: धक्का नावाला, आवाज कमी, पैसे थोडे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं ते याच पोरांच्या गोळीने. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "पण ती कुणाला आडवं करत नव्हती ना?"

नंतर आली ती भिंत. घरी परतल्यावर डॉक्टर सहज म्हणाले की सरावाची टोक गोल असलेली गोळी घरात वापरू नये, आरपार जाते. आत्मरक्षणाला पोकळ टोकाची घ्यावी, ती अंगात शिरल्यावर फुलते आणि थांबते. वहिनीने विचारलं, "आणि नेम चुकला तर?" डॉक्टरांनी उठून दिवाणखान्याची भिंत बोटाने वाजवली. डब्यासारखी वाजली. आपण ज्याने छताखाली छत लावतो ते जिप्सम बोर्ड, अर्ध्या इंचाचं एक अलीकडून, एक पलीकडून, मधे पोकळ. अमेरिकेतली साडेचार-पाच लाख डॉलरची घरं आतून अशी असतात. कुठल्याही कॅलिबरची गोळी यातून एक नाही, दोन-तीन खोल्या पार करते, पोकळ टोकाचीसुद्धा, कारण टोकात भुसा भरला की ते फुलतच नाही.

मग वहिनीने घराचा नकाशा काढला. झोपायच्या खोलीच्या दारातून जिन्याकडे झाडली तर पलीकडे धाकट्याचा पलंग. स्वयंपाकघरातून पुढच्या दाराकडे झाडली तर अप्पांची खोली. दिवाणखान्यातून खिडकीकडे झाडली तर शेजाऱ्याचा कुत्रा, आणि टेक्सासात शेजाऱ्याच्या कुत्र्याला मारण्यापेक्षा चोराला चहा देणं परवडतं. तिने नकाशावर लाल पेनने आडवे-उभे पट्टे मारले. शेवटी घरात एकच जागा उरली जिथून एकाच दिशेला बिनघोर गोळी झाडता येईल: सोफ्यावरून शेकोटीकडे. शेकोटी तेवढी खऱ्या विटांची आहे. "चोराला सांगून ठेवा," ती म्हणाली, "शेकोटीपुढे उभं राहायचं."

ती रुग्णालयात काम करते, त्यामुळे दुसरी एक गोष्टही तिने त्याच बैठकीत काढली: या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, आणि घरात सोळा वर्षांचा मुलगा आहे. त्यावर कुणी कोटी केली नाही. तिजोरी पिस्तुलाच्या आधी आली. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं शस्त्र ठेवणं टेक्सासात गुन्हाही आहे. आणि बंदुकीच्या तिजोरीवर या राज्यात विक्रीकर माफ आहे हे समजल्यावर भावाने हवी होती त्यापेक्षा एक आकार मोठी घेतली.

सरकारी फॉर्म भरायचा प्रसंग मी काउंटरपासून हातभर लांब उभा राहून पाहिला. ४४७३ नंबरचा फॉर्म. पिस्तुलाचे खरे खरेदीदार तुम्हीच ना? तुम्ही फरारी आहात का? भाऊ एकेका 'नाही'वर खूण करताना दहावीच्या पेपरसारखा दोनदा वाचत होता. मग दुकानदाराने एफबीआयच्या यंत्रणेत त्याचं नाव टाकलं. ही १९९८ पासूनची तपासणी सहसा मिनिटांत उरकते. भावाचं उत्तर आलं: 'विलंब'. म्हणजे नकार नव्हे, अजून बघतो आहोत. त्यासाठी त्यांना कामाचे तीन दिवस असतात. बहुधा नावात साम्य निघतं कुणाशी तरी. पण भावाने हे फार मनाला लावून घेतलं. एका बाजूने त्याचा अपमान झाला होता आणि दुसऱ्या बाजूने आपल्याच नावाचा एक मराठी भामटा अमेरिकेत मोकळा हिंडतो आहे या कल्पनेने त्याला जरा अभिमानही वाटत असावा. तिसऱ्या दिवशी 'पुढे जा' आलं.

घेतलं ते नऊ एमएमचं मध्यम आकाराचं, पंधरा गोळ्यांचं, रिकामं सहाशे ग्रॅमच्या वर. आणि सरावाला त्याच बेताचं .२२. काकांनी 'बायकी निवड' असा शेरा मारला आणि नेमबाजीच्या रेंजवर सगळ्यांना आपल्या खर्चाने घेऊन गेले. माणूस मनाचा मोठा आहे.

रेंजवर मी काचेच्या अलीकडे. पलीकडे मंडळी कानांवर मोठाले कानटोप, डोळ्यांवर चष्मे लावून उभी. शिकवायला सत्तरीकडे झुकलेल्या एक बाई, पांढरी वेणी. त्यांनी आधी जेफ कूपर नावाच्या मरीन अधिकाऱ्याचे चार नियम म्हणवून घेतले: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जे नष्ट करायचं नाही त्यावर नळी रोखू नका, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, लक्ष्य कोणतं आणि त्याच्यामागे काय, ते बघा. वहिनीने चौथ्या नियमाला नवऱ्याकडे पाहिलं.

एकवीस फुटांवर कागदी माणूस. भावाने झाडल्या, डॉक्टरांनी झाडल्या, त्या साताऱ्याच्या शिकाऱ्याने झाडल्या. सगळ्यांच्या गोळ्या खाली आणि डावीकडे. उजव्या हाताचे नवशिके चाप दाबायच्या ऐवजी खेचतात, म्हणून असं होतं. टेक्सासात इतकी वर्षं राहूनही आपली माणसं झुकतात ती डावीकडेच. वहिनीच्याही तिकडेच गेल्या, फक्त जरा जवळजवळ.

काकांची पाळी आली. पंचेचाळीस, दोन्ही पाय फाकून, बूट रोवून. काचेतूनसुद्धा छातीत धप्प व्हायचं. कागदी माणसाच्या गुडघ्याला भोक पडलं, मग मांडीला, मग कुठेच नाही. बाईंनी काही न बोलता त्यांचं मॅगझिन घेतलं, पाठ वळवून भरून परत दिलं. काकांना ठाऊक नव्हतं की मधे एक बनावट काडतूस आहे, दारू नसलेलं. काकांनी नेम धरला, दाढा आवळल्या, चाप ओढला. आवाज नाही, धूर नाही. फक्त पिस्तुलाच्या नळीने, येणाऱ्या धक्क्याला घाबरून, स्वतःहून खाली वाकून जमिनीला व्यवस्थित नमस्कार केला.

बाई गोड हसल्या. काकांनी आधी पिस्तुलाकडे पाहिलं, मग गोळीकडे, मग काचेतून माझ्याकडे. त्यानंतरचा पाऊण तास त्यांनी .२२ वर हात बसवला. बाईंनी सांगितलं म्हणून, असं ते आजही म्हणतात. शेवटच्या दहा गोळ्या छातीच्या वर्तुळात होत्या.

दसरा आला. घरात शस्त्र असून पूजेला नाही, हे अप्पांना पटेना. पुण्याहून गुरुजी व्हिडिओवर. पाट मांडला, रांगोळी घातली. अप्पांनी पिस्तूल तिजोरीतून काढलं, मॅगझिन बाजूला, स्लाइड मागे, आणि रिकामी नळी भावाने, वहिनीने, डॉक्टरांनी पाळीपाळीने पाहिली. काडतुसं गॅरेजमध्येच ठेवायची असं ठरलं. आता पाटावर ठेवायचं कुठे तोंड करून? गुरुजी म्हणाले पूर्वेला. पूर्वेला धाकट्याची खोली. उत्तरेला शेजारी. पश्चिमेला देव्हारा, देवावर नळी रोखायची म्हणजे कूपरही मोडला आणि धर्मही. राहिली दक्षिण, शेकोटी. गुरुजी कळवळून म्हणाले, अहो, ती यमाची दिशा. वहिनी म्हणाली, विटा तिकडेच आहेत.

दक्षिणेला तोंड करून पूजा झाली. हळदकुंकू आत गेलं तर स्लाइड अडकेल म्हणून अप्पांनी ते पिस्तुलाला लावू दिलं नाही, पेटीच्या झाकणाला लावायला सांगितलं, आणि थोड्या अक्षता गॅरेजच्या दाराकडे टाकल्या. काका आपलं पंचेचाळीसही पूजेला घेऊन आले होते. ते मोठं, म्हणून त्याला पहिलं कुंकू, असं त्यांचं म्हणणं पडलं. डॉक्टरांनी तोंड उघडलं. वहिनीने दोन्ही हातांच्या बोटांनी दोन्ही झाकणांना एकदमच कुंकू लावलं आणि पानं वाढायला घेतली.